यंत्राचा आकडा, माणसाची सही

मागच्या महिन्यात ओपीडीत एक मावशी आल्या. वय साठीच्या पुढचं, मधुमेह जुना, तीन आठवड्यांचा खोकला आणि मनगटावर सैल झालेल्या बांगड्या. सोबतच्या सुनेने मोबाइलवर तपासणी शिबिरातला एक्स-रेचा अहवाल दाखवला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने, म्हणजे एआयने, फोटो वाचून ०.४६ असा आकडा दिला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘क्षयाची शक्यता कमी’.

‘साहेब, कंप्युटर नाही म्हणतोय. मग थुंकी कशाला तपासायची?’ सुनेचा प्रश्न रास्त होता. तिचा त्या दिवसाचा रोज बुडाला होता. तरीही तपासणी केली आणि क्षय निघाला. मधुमेही रुग्णाच्या एक्स-रेत क्षय कधीकधी नेहमीपेक्षा वेगळा दिसतो.

यंत्र चुकलं म्हणून मी चिडलो नाही. चुका मीही करतो. अस्वस्थ केलं ते पुढच्या गोष्टीने. त्या प्रणालीत ०.५० च्या वर ‘संशयित’ आणि खाली ‘शक्यता कमी’ अशी रेघ होती. ती कोणी आखली, हे विचारत मी चार जणांकडे गेलो. ‘सॉफ्टवेअरमध्ये तसंच आलंय,’ एवढंच उत्तर मिळालं.

मी या तंत्राच्या विरोधात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरील व्यक्तींच्या क्षय-चाळणीसाठी संगणकाने एक्स-रे वाचण्याला मान्यता दिली. जिथे रेडिऑलॉजिस्ट नाही, तिथे हे वरदानच आहे. पण ही रेघ जगभर एकच नसते, ती स्थानिक परिस्थिती पाहून ठरवावी लागते. रेघ खाली आणली तर जास्त रुग्ण सापडतात, पण थुंकीच्या तपासण्या आणि खर्च वाढतो. वर नेली तर पैसे वाचतात आणि काही रुग्ण खोकत घरी जातात. किती रुग्ण निसटलेले चालतील, हा प्रश्न गणिताचा नाही, कारभाराचा आहे.

एआय जबाबदारीने वापरण्याची तत्त्वं आता बहुतेकांना ठाऊक आहेत: सुरक्षितता, पारदर्शकता, समन्याय, गोपनीयता, उत्तरदायित्व. संघटनेने २०२१ मध्येच आरोग्यातल्या एआयसाठी सहा तत्त्वं मांडली. आपल्या आयसीएमआरनेही २०२३ मध्ये नैतिक मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. या यादीत ‘कारभार’ हे आणखी एक कलम समजण्याची चूक आपण करतो. बाकीची तत्त्वं एकमेकांशी भांडू लागली की निवाडा कोणी आणि कसा करायचा, ते ठरवणं म्हणजे कारभार.

आणि ती भांडतातच. ढाक्यात सुमारे २४ हजार लोकांच्या एक्स-रेंवर पाच एआय प्रणाली तपासल्या गेल्या. साठीपुढच्या लोकांत आणि पूर्वी क्षय होऊन गेलेल्यांत पाचही प्रणालींची कामगिरी घसरली. हे कळलं ते वय आणि पूर्वेतिहास नोंदवला होता म्हणून. गोपनीयतेच्या नावाखाली ही माहिती गोळाच केली नाही, तर अन्याय कोणावर होतोय हे कधीच दिसणार नाही. उलट सगळी माहिती बेबंद साठवली, तर क्षयाचा शिक्का गावभर होईल. काय नोंदवायचं, कोणी पाहायचं, कधी पुसायचं, याचा लेखी नियम असेल तरच दोन्ही तत्त्वं नांदतात.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. जंतुसंसर्गातून ओढवणाऱ्या सेप्सिसचा आगाऊ इशारा देणारी एक प्रणाली तिथल्या शेकडो रुग्णालयांत वापरात होती. मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ती आपल्या रुग्णांवर पडताळली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापले. सेप्सिसच्या दोन तृतीयांश रुग्णांना प्रणालीने ओळखलंच नव्हतं, आणि दाखल रुग्णांपैकी १८ टक्क्यांसाठी मात्र ती घंटा वाजवत होती. सूत्र कंपनीच्या मालकीचं, म्हणून बाहेरच्यांना ते सहज तपासता येत नव्हतं. पारदर्शकता नसेल तर देखरेख आंधळी होते. पण नुसती पारदर्शकताही पुरत नाही. निष्कर्ष हाती आल्यावर यंत्र थांबवण्याचा अधिकार कोणाला तरी असावा लागतो.

‘अंतिम निर्णय डॉक्टरांचाच’ हे वाक्य प्रत्येक अहवालाच्या तळाशी असतं. दीडशे रुग्णांच्या ओपीडीत एका रुग्णामागे दोन-तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात यंत्राशी असहमत व्हायला लागणारा वेळ, प्रशिक्षण आणि पाठबळ व्यवस्थेने दिलं नाही, तर ते वाक्य रुग्णाचं रक्षण करत नाही, फक्त दोष डॉक्टरच्या गळ्यात घालतं.

आपल्याकडे पाया नाही असं नाही. २०२० पासून वैद्यकीय कामासाठीचं सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली येतं. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. पण कायदा दिल्लीत होतो आणि रेघ शिबिरात आखली जाते. मधली जागा रुग्णालयांनी भरायची आहे. त्यासाठी समिती नेमून फाइल फिरवणं पुरेसं नाही. त्या समितीत तंत्रज्ञ, नर्स आणि एखादा बरा झालेला रुग्णही हवा.

आमच्या विभागात आता एक साधी वही ठेवली आहे. यंत्र एक म्हणालं आणि तपासणीत दुसरं निघालं, की तारीख, वयोगट, मधुमेह, पूर्वीचा क्षय एवढंच लिहायचं, नाव नाही. महिन्याअखेरी ती सगळ्यांनी मिळून वाचायची. तक्रारी एकाच वयोगटाच्या किंवा एकाच आजाराच्या असतील, तर रेघ बदलण्याची लेखी मागणी वर जाईल, तीही माझ्या सहीने.

वाचकांनीही अहवाल हाती आल्यावर तीन प्रश्न विचारावेत: हा यंत्राने वाचला की माणसाने? माझ्यासारख्या रुग्णांवर हे यंत्र पडताळलंय का? आणि चूक झाली तर दाद कोणाकडे मागायची? उत्तर येत नसेल, तर तत्त्वांची यादी भिंतीवरच राहिली आहे असं समजा. आणि तीन आठवडे खोकला असेल, तर यंत्र काहीही म्हणो, थुंकी तपासून घ्या.

मावशींचे उपचार सुरू आहेत. शिबिरातल्या त्या अहवालावर आकडा होता, शिक्का होता. सही मात्र कोणाचीच नव्हती.