जोड कुठे घालावा आणि कुठे घालू नये



गेल्या काही वर्षांत आपल्या कार्यक्षेत्रातील वस्त्यांवर एक बदल झाला आहे. पूर्वी अवजार मोडले, हत्याराचा दांडा तुटला, की शेतकरी तो पिशवीत घालून बारामतीला नाहीतर इंदापूरला वेल्डिंगच्या दुकानी जात असे. अर्धा दिवस जाण्यायेण्यात आणि अर्धा नंबर लागण्यात जायचा. आता हाताने उचलून नेता येईल एवढे इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन मिळते आणि ट्रॅक्टर असलेल्या पुष्कळ सभासदांच्या शेडमध्ये ते ग्राइंडर व ड्रिलच्या शेजारी येऊन बसले आहे. लागणीचा प्लॉट पाहून झाला की सभासद आम्हाला हटकून शेडमध्ये नेतात आणि म्हणतात, "साहेब, हे बघा, घरीच केलंय!"

कुणी बेअरिंग काढायचा पुलर केलेला असतो. कुणी कोयत्याला धार लावताना हात टेकावा म्हणून ग्राइंडरपुढे टेकणी बसवलेली असते. कुणी जुन्या एक्सलच्या तुकड्याची ऐरण केलेली असते, तर कुणी शेगड्याचा, म्हणजे व्हाइसचा, मोडलेला जबडा सांधलेला असतो. हे पाहून आम्हाला मनापासून कौतुक वाटते. जो शेतकरी आपले हत्यार आपण दुरुस्त करतो, त्याचा भर हंगामातला दिवस वाया जात नाही.

परंतु या बाबतीत दोन टोकाची मते ऐकू येतात. एक मत असे की, वेल्डिंग हे शेतकऱ्याचे काम नव्हे, त्याने सरळ नवीन वस्तू आणावी. दुसरे मत तरुण मंडळींचे. रॉड आहे, मशीन आहे, मग काय वाटेल ते जोडता येते! आमच्या मते दोन्ही चूक. आमचे म्हणणे एवढेच आहे: ज्या जोडाची परीक्षा आपल्याला घेता येत नाही, त्या जोडावर माणसाचा जीव टाकू नये. बाकीचे जोड खुशाल घालावेत, पण धातू ओळखून.

साखर कारखान्यातच पाहा. गाळप चालू असताना, मिल फिरत असताना, वेल्डर रोलरच्या दातांवर आर्क मारत असतो. दात खडबडीत राहिले म्हणजे रोलर ऊस नीट ओढून घेतो. त्यातला एखादा थेंब निघून पडला तर फारसे बिघडत नाही, पुन्हा मारता येतो. पण त्याच कारखान्यात बॉयलरच्या नळीला जोड घालायचा असेल, तर त्या वेल्डरला आधी सरकारी बॉयलर खात्याची परीक्षा उतरावी लागते. मशीन सारखेच असते, रॉड धरणारा हातही तितकाच कसलेला असतो. फरक एवढाच की एक जोड सुटला तर काम अडते आणि दुसरा सुटला तर माणूस जातो.

आपल्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरचेही उदाहरण घ्या. साखर कारखान्यांची यंत्रे बनवणाऱ्या तिथल्या कारखान्याने अवकाशयानांसाठीही काम केले. १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ ज्या रॉकेटवर गेले, त्याच्या ३.२ मीटर व्यासाच्या बूस्टरची पोलादी अंगे तिथे तयार झाली होती. असल्या कामात जोड नुसता डोळ्यांनी पाहून पास करत नाहीत. क्ष-किरणांनी जोडाच्या पोटाचा फोटो काढतात, ध्वनिलहरींनी तो तपासतात. कारण वरून गुळगुळीत दिसणाऱ्या जोडाच्या आत काय आहे ते कुणालाच दिसत नसते. मग बाभळीखाली बसून घातलेल्या आपल्या जोडाचे काय सांगावे?

आता धातूविषयी. सगळे लोखंड एक नव्हे, आणि घरी घातलेले बरेचसे जोड इथेच फसतात. पत्रा, अँगल, पट्टी हे मऊ पोलाद. त्यात कार्बन पाव टक्क्याच्या आसपास किंवा कमी. त्याला साधा रॉड चालतो. गाडीचा पाटा हे चिवट पोलाद, त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर. बीड तर वेगळेच, त्यात २ ते ४ टक्के कार्बन. हे ओळखायला प्रयोगशाळा नको, आपला ग्राइंडर पुरे. मऊ पोलाद दगडाला लावले की लांब, सरळ रेघांच्या ठिणग्या उडतात, फुले थोडी. पाट्याच्या ठिणग्यांना फुलबाजीसारखी दाट फुले येतात. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर. दोनचार माहीत असलेले तुकडे लावून पाहिले की नजर बसते.

पाट्याला तसाच रॉड लावला की जोडाशेजारची पट्टी एकदम तापते, एकदम निवते आणि काचेसारखी कडक होते. जोड शाबूत राहतो आणि तुटते ते त्याच्या कडेला. म्हणून पाटा आधी तापवावा, पाण्याचा थेंब टाकताच नाचत उडून जाईल इतका. जोड झाल्यावर चुलीच्या कोरड्या राखेत पुरून सावकाश निवू द्यावा. पाण्यात मात्र बुडवू नये. चांगल्या पान्ह्याचेही तेच आहे. दांडा लांब करण्यासाठी त्याला पाईप वेल्ड करतात, आणि पूर्ण अंगाचा भार टाकल्यावर तो जोडाशेजारी कडकन मोडून हातातोंडावर येतो. त्यापेक्षा लांब दांड्याचा पान्हाच आणावा.

शेगड्याचा जबडा बहुधा बिडाचा असतो. साध्या रॉडने तो जोडायला गेले की निवताना 'टिक्' असा आवाज येतो आणि शेजारी नवी चीर पडते. तिथे आपले जुने झाळकामच कामाला येते. चीर घासून इंग्रजी व्ही अक्षरासारखी उघडायची, टाकणखार लावायचा आणि गॅसच्या ज्योतीवर पितळी कांडी वितळवून भरायची. पितळ सुमारे ९०० अंशांना वितळते, बीड सुमारे १२०० अंशांना. त्यामुळे बीड न वितळता पितळ त्याला धरून बसते. ज्याच्याकडे गॅस नाही त्याने निकेलचा रॉड वापरावा. एका वेळी इंचभरच जोड घालावा, हलके ठोकावे, हात लावता येईल इतके निवू द्यावे आणि मग पुढचा इंच. काम वेळखाऊ आहे, पण टिकते.

आपला हात किती बसला आहे हेही घरच्या घरी पाहता येते. दोन पट्ट्या काटकोनात उभ्या करून एकाच बाजूने जोडा. शेगड्यात धरा आणि उभी पट्टी जोडाच्या बाजूला हातोडीने वाकवून तोडा. आत खपली अडकलेली असेल, स्पंजासारखी भोके असतील किंवा एक पट्टी न वितळता स्वच्छ निघाली असेल, तर तो जोड वरून कितीही देखणा असो, फुकट आहे. अशा दहा पट्ट्या तोडल्याशिवाय कामाच्या वस्तूला हात घालू नये असे आम्ही तरुण सभासदांना आग्रहाने सांगतो.

टेकणीसारखी साधी वस्तूही मापात हवी. टेकणी आणि दगड यांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवू नये, नाहीतर कोयता फटीत ओढला जातो आणि दगड फुटतो. पुलर ताणताना त्यावर गोणपाट टाकावे आणि बाजूला उभे राहावे.

आता नकोत ते जोड. ट्रॉलीचे चाक काढताना खाली लावायची घोडी पाईपचे तुकडे जोडून घरी करू नये. तिच्याखाली आपण हात घालतो, कधी डोकेही घालतो. ट्रॉलीची दांडी, हूक आणि पिन यांना घरी टाका मारू नये. पिन तुटली तर नवीनच घालावी. भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर भवानीनगर, सणसर, निमगाव केतकीच्या रस्त्याने जातो, तेव्हा मागून सायकलवर शाळेची मुले येत असतात. त्या पिनीवर त्यांचाही भरवसा असतो. डिझेलचा रिकामा बॅरल रिकामा नसतो, त्यात वाफ असते आणि ठिणगी लागताच तो बॉम्बसारखा उडतो. त्याला रॉड लावूच नये. जस्ताचा मुलामा असलेल्या पाईपचा धूर छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो, म्हणून मुलामा आधी घासून काढावा. आणि दहा-अकरा नंबरची काच असलेला मुखवटा डोळ्यांपुढे धरल्याशिवाय टाकासुद्धा मारू नये. गॉगल त्या कामाचा नव्हे.

हे सगळे सभासदांवर सोडून कारखान्यांनी मोकळे व्हावे, असे मात्र आम्हाला वाटत नाही. हंगाम बंद असताना कारखान्याच्या वर्कशॉपमधील अनुभवी वेल्डरने प्रत्येक गटात एक दिवस येऊन हात धरून शिकवावे. हंगाम सुरू होण्यापूर्वी ऊस वाहतुकीच्या प्रत्येक ट्रॉलीची दांडी आणि हूक तपासून मगच तिला नंबर द्यावा. वाहतूकदार थोडी कुरकुर करतील, ती सोसावी. ज्यांच्या घरात आठवी पास झालेला, हाताला चळवळ असलेला मुलगा आहे, त्यांनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतल्या वेल्डरच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचा जरूर विचार करावा. गावात असा एक जाणता माणूस असला, तर घोडी आणि दांडी कुणाकडून करून घ्यावी हा प्रश्नच उरणार नाही.

ही सूचना पटत असेल तर येत्या गट सभेत आपण होऊन मांडावी. आणि आज संध्याकाळी शेडमध्ये जाऊन आपल्या घोडीचे जोड एकदा दिव्याखाली पाहावेत, ही विनंती.