ओ-झीरोवर चालतं, ओ-टूवर पडतं

ऑप्टिमायझेशन बंद ठेवून, म्हणजे ओ-झीरोवर, प्रोग्राम निमूट चालतो. ऑप्टिमायझेशन चालू करून, म्हणजे ओ-टूवर, बिल्ड केला की कोसळतो. अशा वेळी पहिली शिवी कंपायलरला बसते. बहुतेकदा ती चुकीच्या पत्त्यावर जाते.

लिनक्स कर्नलच्या ‘टन’ या नेटवर्क ड्रायव्हरचं 2009 मधलं प्रकरण पाहावं. एका फंक्शनने आधी पॉइंटरमधून किंमत वाचली आणि तो पॉइंटर नल आहे का, हे त्यानंतर तपासलं. जीसीसी या कंपायलरचा हिशेब सरळ होता: पॉइंटर वापरून झाला, म्हणजे तो नल नसणारच, मग तपासणी कशाला? ती गाळली गेली. आता हल्लेखोराने मेमरीच्या शून्य पत्त्यावर स्वतःचं पेज मांडून ठेवलं, की वाचन बिनबोभाट पार पडायचं आणि पुढे अडवायला कोणी नसायचं. सुरक्षा संशोधक ब्रॅड स्पेंगलर यांनी याच वाटेने कर्नलचा ताबा घेऊन दाखवला. ओळींचा क्रम चुकवला होता माणसाने. सोर्स वाचणाऱ्याला मात्र तपासणी जागच्या जागी दिसत होती!

म्हणून ‘डीबग करायचंय ना, ओ-झीरो लावा’ ही सवय जरा तपासून घ्यायला हवी. ओ-झीरोवर प्रत्येक व्हेरिएबल मेमरीत आपल्या जागी असतं, जीडीबी हा डीबगर ओळीमागून ओळ शहाण्यासारखा चालतो. फक्त ज्या बगसाठी हा खटाटोप, तोच तिथे फिरकत नाही. ओ-टूवर बग हजर, पण जीडीबी मागेपुढे उड्या मारतो आणि नेमकं हवं ते व्हेरिएबल ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’.

जीसीसी 4.8 ने 2013 मध्ये ओ-जी ही मधली पायरी आणली. रोजच्या कामाला ती बरी. व्हेरिएबल्स तिथेही अधूनमधून गायब होतात.

बग जिथे दिसला, तीच पातळी आधी धरावी. ओ-टूसोबत डीबग माहिती जोडणारा ‘जी’ हा पर्याय खुशाल द्यावा. फाइल फुगते, मशीन कोड तोच राहतो. मग संशयित फाइल तेवढी ओ-झीरोवर आणावी. बग गेला, तर कुठे खणायचं ते कळलं, एवढंच. काही टीम इथेच हात झटकतात. उदाहरणार्थ, इंटरप्ट हँडलर बदलतो तो फ्लॅग ‘व्होलाटाइल’ नसतो, ओ-टूवर लूप तो एकदाच वाचून गरगरत राहतो. ओ-झीरो लावलं, चाललं, रिलीज केलं. कर्नलवाल्यांना ही पळवाटही नाही. वापरात न येणारा कोड कंपायलर गाळणार, हे गृहीत धरूनच कर्नलचे काही भाग लिहिलेले आहेत. ओ-झीरोवर कर्नल बिल्डच होत नाही.