तलावाचा अपुरा ताळेबंद

सार्वजनिक जलतरण तलाव बंद करायचा ठरला की कारण बहुधा एकच सांगितले जाते : तलाव तोट्यात चालतो. पाण्याचे शुद्धीकरण, पंप, वीज, गळती, जीवरक्षकांचे पगार, यांचा खर्च तिकिटांतून निघत नाही, हे खरेच आहे. पण हा ताळेबंद पूर्ण असतो का? मेलबर्नमधल्या एका जुन्या तलावाची हकिगत या संदर्भात पाहण्याजोगी आहे.

फिट्झरॉय हा मेलबर्नचा एके काळचा कामगार वस्तीचा भाग. तिथला उघड्यावरचा तलाव १९०८ साली सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर या वस्तीत इटलीहून आलेली अनेक कुटुंबे राहू लागली. त्यांची मुले तलावावर येत, पण त्यांतल्या अनेकांना ना पोहता येई, ना इंग्रजी सूचना वाचता येत. त्यांना वारंवार पाण्यातून ओढून काढावे लागू लागले, तेव्हा १९५०च्या दशकात तिथल्या व्यवस्थापकाने खोल बाजूच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘आक्वा प्रोफोंदा’ असे रंगवून घेतले. इटालियन भाषेत याचा अर्थ ‘खोल पाणी’. लिहिताना एक अक्षर गळले, ते गळलेलेच राहिले. आज ही सूचना व्हिक्टोरिया राज्याच्या वारसा यादीत आहे.

आरोग्यशिक्षणाचा याहून चांगला नमुना मला तरी ठाऊक नाही. ज्याला धोका आहे त्याच्या भाषेत, धोक्याच्या जागीच आणि दोन शब्दांत! आपली कितीतरी पत्रके यांतल्या एकाही कसोटीला उतरत नाहीत.

१९९४ मध्ये जेफ केनेट यांच्या राज्य सरकारने तिथल्या नगरपालिकांचे विलीनीकरण केले आणि लोकनियुक्त सदस्यांच्या जागी प्रशासक नेमले. या प्रशासकांनी फिट्झरॉयचा तलाव बंद करण्याचा निर्णय घेतला. रहिवासी सभा-मोर्चांवर थांबले नाहीत. त्यांनी रिकाम्या तलावात उतरून ठिय्या दिला. अखेर निर्णय फिरला. तलाव पुन्हा भरला आणि आजही तो चालू आहे. महाराष्ट्रातल्या अनेक महापालिकांनी अलीकडेच वर्षानुवर्षे प्रशासकांचा कारभार अनुभवला आहे. अशा काळात दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

डॉक्टर म्हणून मला या लढ्यात जुन्या वास्तूच्या प्रेमापलीकडचे काही दिसते. तलावाच्या ताळेबंदात खर्चाची बाजू पै-पैशानिशी मांडली जाते. जमेच्या बाजूला मात्र फक्त तिकिटे. जे मूल पोहायला शिकले आणि म्हणून वाचले, त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून दगावले. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये हा आकडा ३८ हजारांवर होता. बुडणारा माणूस चित्रपटातल्यासारखा हाका मारत नाही. तोंड क्षणभर पाण्यावर येते, तेवढ्यात श्वास घ्यायचा की ओरडायचे? मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर काही मिनिटांतच कायमची इजा होते. असा रुग्ण अपघात विभागात पोहोचतो तेव्हा आमच्या हातात फार थोडे उरलेले असते. म्हणून या मृत्यूंवरचा खरा उपाय रुग्णालयाबाहेरच आहे. शाळकरी मुलांना पोहणे आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवणे, ही आरोग्य संघटनेची एक मुख्य शिफारस आहे.

इटालियन मुलांच्या जागी आज आपली माणसे आहेत. जानेवारी २०२४ मध्ये मेलबर्नपासून काही तासांवरच्या फिलिप बेटाच्या किनाऱ्यावर भारतीय वंशाच्या चौघांचा मृत्यू झाला. ऑस्ट्रेलियात बुडून मरणाऱ्या परदेशी जन्माच्या लोकांत भारतात जन्मलेल्यांची संख्या ठळकपणे दिसते. ही उणीव इथूनच बरोबर जाते. पूर्वी गावच्या विहिरीत पाठीला सुका भोपळा बांधून पोरे पोहायला शिकत. त्या विहिरी आता बुजल्या किंवा आटल्या. शेततळी, खाणींचे खड्डे आणि धरणांचे जलाशय मात्र वाढले, आणि दर मे महिन्यात तिथल्या बातम्या आपण वाचतो.

जमेच्या बाजूला आणखीही नोंदी आहेत. छातीपर्यंत पाण्यात उभे राहिले की सांध्यांवरचा भार सुमारे एकतृतीयांशावर येतो. गुडघ्यांच्या झिजेमुळे ज्यांना चालणेही जड जाते, त्यांना पाण्यात व्यायाम करता येतो. महागड्या क्लबचे शुल्क न परवडणाऱ्यांसाठी ही सोय पालिकेच्या तलावातच असते.

म्हणजे प्रत्येक जुना तलाव काही करून वाचवावाच, असे नाही. क्लोरीनचे प्रमाण न तपासलेला, जीवरक्षक नसलेला तलाव स्वतःच धोकादायक असतो. तो दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवणेच योग्य. पण ‘दुरुस्तीसाठी बंद’ आणि ‘कायमचा बंद’ यांतले अंतर अनेकदा गुपचूप मिटते.

तेव्हा आपल्या भागातला तलाव बंद होणार असे कानावर आले, तर पालिकेला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. दरवर्षी किती मुले इथे पोहायला शिकतात? तलाव बंद झाल्यावर ती कुठे शिकतील? आणि तिथले शुल्क त्यांच्या आईवडिलांना परवडेल का? या प्रश्नांची उत्तरे हाती येईपर्यंत तोट्याचा आकडा अपुराच समजावा.