पिकअपचा एसी : आधी दोष शोधा, मग गॅस भरा

व्यापारी बंधूंनो, मे महिन्यात मराठवाड्यात पारा ४० अंशांपुढे जातो. अशा उन्हात भिवंडी, मालेगाव किंवा सुरतेहून कापडाचे तागे घेऊन औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, येणाऱ्या पिकअपच्या चालकाचे काय हाल होतात ते त्यालाच ठाऊक. बाजारात मात्र अजून सवाल होतो, "ड्रायव्हरला एसी कशाला? माल तर मागे हौद्यात आहे." आमचे म्हणणे असे की, माल ज्याच्या भरवशावर येतो तो माणूस पुढे बसलेला आहे. उकाड्याने त्याचे ध्यान सुटले तर गाडी, माल आणि जीव, तिन्ही धोक्यात येतात.

सरकारलाही हे पटले आहे. डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेनुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या एन-२ व एन-३ गटांतील ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. पण हे गट साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालवाहनांचे. त्याहून हलक्या पिकअप गाड्या एन-१ गटात येतात आणि त्यांना ही सक्ती लागू नाही. म्हणून ही जिम्मेदारी मालकानेच उचलली पाहिजे.

ज्यांच्या गाडीत एसी आहे त्यांची नेहमीची तक्रार म्हणजे, "हवा येते, पण गार लागत नाही." गॅरेजमध्ये तयार उत्तर मिळते, "गॅस संपला, भरून देतो." बंधूंनो, गॅस काही डिझेल नव्हे की जळून संपावा. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. दर उन्हाळ्याला भरावा लागत असेल तर कुठे तरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस म्हणजे फाटक्या पोत्यात भरलेले धान्य.

गॅरेजला जाण्यापूर्वी काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. हवाच कमी येत असेल तर केबिनचा फिल्टर किंवा ब्लोअर तपासावा. गाडी पळताना गारवा मिळतो आणि सिग्नलला उभी राहताच जातो, तेव्हा संशय कंडेन्सर व त्याच्या पंख्यावर घ्यावा. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो. रस्त्यावरची धूळ, किडे आणि कपाशीचे तंतू त्यात अडकतात व उष्णता बाहेर पडत नाही. इंजिन थंड असताना पाण्याच्या हलक्या धारेने तो धुवावा. जोराची धार मारल्यास पत्र्याच्या बारीक पात्या वाकतात. कॉम्प्रेसरचा पट्टा ढिला आहे काय, दरवाजाचे रबर फाटले आहे काय, बाहेरची गरम हवा आत घेणारे बटण चालू राहिले आहे काय, हेही पाहावे.

इतके करूनही फरक पडला नाही, तरच गॅसचा विचार करावा. गळतीच्या जागी बहुधा तेलकट डाग दिसतो, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते. गळतीकडे कानाडोळा केला तर तेलाअभावी कॉम्प्रेसरच जाम होतो आणि थोडक्यात निभावणारा खर्च अनेक पटींनी वाढतो.

चांगला कारागीर आधी गळती शोधून बंद करतो, मग व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतील हवा व ओलावा काढतो आणि शेवटी गॅस वजन करून भरतो. किती ग्रॅम भरायचा ते बहुधा बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेले असते. जास्त भरला तरी गारवा कमीच होतो. आपण गिऱ्हाईकाला कापड अंदाजाने देत नाही, मीटरने मोजून देतो. मग गॅसही काट्यावर मोजून मागावा आणि बिलावर त्याचे वजन लिहून घ्यावे. जुना गॅस हवेत सोडू देऊ नये. आर-१३४ए हा गॅस वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक प्रभावी आहे.

आपल्यातील अनेक तरुण या धंद्यात आहेत. त्यांना आमची विनंती की, आयटीआयमधील रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगचे शिक्षण घ्यावे, गेज व वजनकाटा वापरावा. आणि मालकांनीही नुसत्या स्वस्त भरणीमागे न लागता दोष शोधण्याची मजुरी खुशीने द्यावी. ही तपासणी उन्हाळा लागण्यापूर्वी, फेब्रुवारीतच उरकावी.