खिशांतील गाणें आणि घरांतील गळा

अक्षय्यतृतीया जवळ आली कीं, आपल्या खानदेशांत लिंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, सासुरवाशिणी माहेरीं येतात आणि आखाजीचीं गाणीं कानीं पडूं लागतात. श्रावणांत कानबाईचे रोट होतात, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून गुलाबाई बसते. प्रत्येक सणाचीं गाणीं निराळीं, चाली निराळ्या. परंतु अलीकडे यांतील पुष्कळ गाणीं मुलींच्या तोंडून ऐकूं न येतां कर्ण्यांतून ऐकूं येतात. झोक्यावर बसलेल्या मुलींस एखादें गाणें शेवटपर्यंत म्हणावयास सांगितलें, तर दुसऱ्या कडव्याशीं त्या अडतात व आजीकडे पाहतात. आजी आहे तोंवर हें ठीक आहे. आजी नसेल तेव्हां काय, हा प्रश्न या लेखाच्या मुळाशीं आहे.

विषय मात्र एका लहानशा यंत्राचा आहे. आगपेटीहून फारसें मोठें नसलेलें, चार-पांच बटणांचें, गाणीं वाजविणारें हें यंत्र बाजारांत ‘एमपीथ्री प्लेअर’ या नांवानें मिळतें. ॲपल कंपनीनें २००१ सालीं आणलेला आयपॉड २०२२ सालीं बंद केला, तेव्हां या जातीच्या यंत्रांचे दिवस सरले असें पुष्कळांस वाटलें; कारण मोबाइलमध्यें सर्वच कांहीं आलें होतें. तथापि हीं लहान यंत्रें अजून मिळतात. माझें मत असें आहे कीं, तीं विद्यार्थ्यांच्या हातीं अवश्य द्यावींत. परंतु विकतचें गाणें ऐकण्यासाठीं जितकीं, त्याहून अधिक घरचें गाणें राखण्यासाठीं द्यावींत. आणि देण्यापूर्वीं त्यांची मांडणी व वापर नीट शिकवावा.

आपल्या दोन जिल्ह्यांस राखणें हा गुण नवा नाहीं. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गांवोगांव हिंडून जुनीं दप्तरें गोळा करीत. त्यांचें निधन १९२६ सालीं धुळ्यास झालें, आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ त्याच शहरांत उभें राहिलें. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबा भावे दर रविवारीं गीतेवर बोलत आणि साने गुरुजी तें लिहून घेत. म्हणूनच ‘गीता प्रवचनें’ हा ग्रंथ आज घरोघर आहे. लिहून घेणारा हात त्या खोलींत नसता, तर ते अठरा रविवार भिंतींतच विरून गेले असते.

जळगांवची गोष्ट याहूनहि जवळची आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांस अक्षरओळख नव्हती. शेतांत राबतां राबतां, जात्यावर दळतां दळतां त्यांच्या तोंडून गाणीं निघत, आणि पुत्र सोपानदेव व आप्त पितांबर चौधरी यांनीं तीं टिपून ठेविलीं. बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर ती वही आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस पडली आणि १९५२ सालीं ‘बहिणाबाईंचीं गाणीं’ हें पुस्तक निघालें. आज आपल्या विद्यापीठास त्याच माउलीचें नांव आहे. परंतु त्या पुस्तकांत शब्द आहेत, आवाज नाहीं. कोणत्या शब्दावर त्या थांबत, कोठें सूर उंच नेत, ओळ संपतांना हंसत कीं सुस्कारा टाकीत, हें छापील पानावरून कोण सांगणार? हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रिका १९०२ पासून निघूं लागल्या होत्या. पण तें काम कंपन्यांचें आणि नामांकित गायक-गायिकांचें. शेतांत गाणाऱ्या बाईच्या वाट्यास तें येणें कठीणच होतें. जें त्या काळीं कंपनीवांचून होत नसे, तें आज शाळकरी मुलाच्या खिशांत मावतें. म्हणूनच ज्याच्या खिशांत तें आहे, त्याच्यावर कांहीं जबाबदारीहि येते.

आतां या यंत्राची रीत सांगतों. ध्वनि म्हणजे हवेचें कंपन. यंत्र या कंपनाचें माप सेकंदास हजारों वेळां घेतें व तें आंकड्यांत लिहून ठेवितें. सीडीवरील गाण्यांत हें माप सेकंदास ४४,१०० वेळां घेतलेलें असतें. हे सर्व आंकडे जसेच्या तसे ठेवले तर जागा फार लागते. एमपीथ्री या पद्धतींत मनुष्याच्या कानाला सहसा जाणवणार नाहीं असा भाग गाळून टाकितात. त्यामुळें साधारण प्रतीच्या एक मिनिटाच्या गाण्यास सुमारें एक मेगाबाइट पुरतो, आणि चार गिगाबाइटच्या यंत्रांत साठ तासांहून अधिक गाणें बसतें.

यंत्र घरीं आणल्यावर प्रथम तें पूर्ण भारित करावें. मग तारेनें संगणकास जोडलें असतां तें संगणकावर एखाद्या कपाटाप्रमाणें उघडतें. त्यांत निरनिराळे कप्पे, म्हणजे फोल्डर, करावे: एक भजनांचा, एक अभ्यासाचा, एक घरच्या गाण्यांचा. फाइलींस नांव देतांना आरंभीं ०१, ०२ असे दोन अंकी क्रमांक घालावेत; नुसतें १, २ घातल्यास पुष्कळ यंत्रें एकानंतर दहा वाजवितात आणि दोहोंचा क्रम मागें पडतो. स्वस्त यंत्रांच्या पडद्यावर देवनागरी नांवें चौकटी होऊन उमटण्याचा संभव असतो, यास्तव प्रथम एकच फाइल घालून पाहावी. काम संपल्यावर संगणकाला ‘यंत्र सुरक्षित काढावयाचें आहे’ अशी आज्ञा द्यावी आणि त्यानें होकार दिल्यावरच तार काढावी. आमच्या खानदेशच्या उन्हाळ्यांत पारा पंचेचाळीस अंशांकडे जातो. तेव्हां यंत्र मोटारींत किंवा खिडकींतील उन्हांत ठेवूं नये, कारण उष्णतेनें त्यांतील लिथियमच्या बॅटरीचें आयुष्य लवकर सरतें.

तार काढण्याविषयीं इतकें बजावून सांगण्याचें कारण मीं स्वतः भोगलेलें आहे. माझ्या आत्यास आम्ही घरीं फुई म्हणत असूं. कानबाईचीं गाणीं तिच्यासारखीं आमच्या गांवांत दुसऱ्या कोणास येत नसत. एका दिवाळीच्या सुटींत ओट्यावर बसून तिनें अशाच एका यंत्रापुढें जवळजवळ दोन तास गाणीं म्हटलीं. मधूनच ती थांबे, ‘हें पुढें कसं रे होतं’ म्हणून स्वतःलाच विचारी, आणि आठवलें कीं लहान मुलीसारखी हंसे. घरीं आल्यावर मीं यंत्र संगणकास जोडलें, आणि फाइली उतरत असतांनाच घाईनें तार ओढली. पुन्हां जोडलें तेव्हां ‘फॉरमॅट करूं काय?’ असा प्रश्न पडद्यावर आला. त्याचा अर्थ ‘सर्व पुसूं काय?’ असा असतो हें मला ठाऊक नव्हतें. मीं होय म्हटलें. त्यानंतरहि, वर नवें कांहीं लिहिलें नसतें, तर एखाद्या जाणकारानें तीं गाणीं परत काढलीं असतीं. परंतु मीं त्याच सायंकाळीं त्यांत सिनेमाचीं गाणीं भरलीं. पुन्हां जाऊन म्हणवून घेऊं, असा विचार होता. पुढच्या पावसाळ्यांत फुई गेली.

दोष यंत्राचा नव्हता. दोष माझ्या घाईचा व अज्ञानाचा होता. म्हणून विद्यार्थ्यांस माझें सांगणें असें: ध्वनिलेखनाची सोय असलेलेंच यंत्र घ्यावें, कारण ती सर्वांत नसते. आजीचें गाणें घेतांना पंखा बंद करावा, यंत्र तिच्या तोंडापासून दोन वितींवर मऊ कापडाच्या घडीवर ठेवावें, आणि आरंभीं तारीख, गांव, सण व गाणाऱ्या बाईचें नांव आपल्या आवाजांत बोलून घ्यावें. तिची परवानगी आधीं विचारावी. गाणें तिचें आहे, आपलें नव्हे. मध्यें ती विसरली तर थांबवूं नये. विसरणें व आठवणें हाहि त्या गाण्याचाच भाग आहे. आणि त्याच दिवशीं, झोंपण्यापूर्वीं, तें दोन निरनिराळ्या ठिकाणीं उतरून ठेवावें. ज्याची एकच प्रत आहे तें राखलेलें नाहीं, असेंच समजावें.

यावर कोणी म्हणेल, हें सर्व मोबाइलनेंहि होतें. मग निराळें यंत्र कशाला? आक्षेप खोटा नाहीं. ज्याच्यापाशीं मोबाइलच आहे त्यानें मोबाइलवर घ्यावें. वाट पाहूं नये. परंतु मोबाइल हातीं घेतलेला विद्यार्थी गाणें ऐकावयास बसतो आणि घटकेनें तो भलतेंच कांहीं पाहत असतो, हा अनुभव प्रत्येक घरचा आहे. या यंत्रास आंतरजाल नाहीं, चित्रें नाहींत, निरोप नाहींत. तें एकच काम करितें. ज्या वृद्धांस पडद्यावर बोट सरकविणें जमत नाहीं, त्यांना बटण दाबणें जमतें.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. तो असा कीं, कानांत बोंडें घालून एकट्यानें ऐकलेलें गाणें मनुष्याला घरापासून तोडतें. आखाजीचें गाणें तर दहा जणींनीं मिळून म्हणावयाचें. हें मला सर्वस्वीं मान्य आहे. शिवाय कानाची हानीहि आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंत ऐकण्यास चालतो. पण आवाज थोडा वाढविला कीं ही मुदत झपाट्यानें उतरते, आणि ९० डेसिबलला ती अवघी चार तास राहते. यासाठीं आवाज यंत्राच्या पूर्ण शक्तीच्या साठ टक्क्यांखालीं ठेवावा. आणि घरचीं गाणीं तरी बोंडें न लावतां, लहान स्पीकर जोडून, सर्वांच्या देखत ऐकावींत. एकदां ऐकून झालीं कीं यंत्र बंद करून तीं स्वतः म्हणावींत. यंत्र हें गळ्याच्या जागीं नव्हे. गळ्याला आठवण देण्यापुरतें आहे.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. बाजारांत थोड्या पैशांत शेंकडों गाणीं कार्डावर भरून देण्याची चाल पडली आहे. त्यांत अहिराणी गायकांचींहि गाणीं असतात. त्या गायकास मात्र त्यांतून दमडी मिळत नाहीं. १९५७ च्या कायद्यानें ध्वनिमुद्रणावरील हक्क साठ वर्षें राहतो. परंतु कायदा बाजूस ठेविला, तरी ज्याचें गाणें आवडलें त्याच्याच पोटावर पाय देणें हें शोभत नाहीं.

हें काम किती मोठें होऊं शकतें याचा दाखला महाराष्ट्रांतच आहे. गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांनीं जात्यावरच्या ओव्या खेडोपाडीं जाऊन जमविल्या. त्या एक लाखाहून अधिक भरल्या. आज त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर वाचावयास मिळतात, आणि कित्येक प्रत्यक्ष बायांच्या आवाजांत ऐकावयास मिळतात. आमच्या अहिराणीची, लेवा बोलीची, सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल व पावरा बांधवांच्या गाण्यांची अशी बेगमी कोणी करावयाची? ग्रियर्सनसाहेबांनीं भारतीय भाषांच्या पाहणींत खानदेशीस १९०७ सालच्या खंडांत जागा दिली. परक्यानें केलें तें घरच्यांनीं करूं नये काय? आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांतूनहि रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचीं भजनें म्हटलीं जातात. शब्द छापील आहेत, पण चाल कानोकान आलेली आहे, आणि ती सांगणारे वृद्ध एकेक करून जात आहेत.

आमच्या शाळेंत शेंकडों मुलें-मुली आहेत, आणि बहुतेकांच्या घरीं वा गांवीं एखादी आजी, मावशी किंवा फुई आहे. उन्हाळ्याच्या सुटींत प्रत्येकानें एकच गाणें नीट घेऊन यावें व शाळेच्या संगणकांत ठेवावें, अशी माझी सूचना आहे. धन्यानें सोंपविलेली ठेव ज्यानें जमिनींत पुरून ठेविली, त्या दासाची गोष्ट आपण प्रार्थनेच्या तासाला ऐकलेली आहे. मीं तर माझी ठेव पुरलीहि नाहीं, हातानें पुसली. तुमची अजून ओट्यावर बसलेली आहे. या सुटींत तिच्याजवळ जाऊन बसा, आणि तार ओढण्याची घाई करूं नका.

— एक शिक्षक