विमान ते विमान!

आमच्या ताडकळसात आकाशाकडे बघणाऱ्या माणसांचे तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार मृगापासून पोळ्यापर्यंत ढगांकडे बघणाऱ्यांचा. यात जवळजवळ सगळं गाव येतं. दुसरा संक्रांतीच्या दिवसांत पतंगांकडे बघणाऱ्या पोरांचा. तिसऱ्या प्रकारात मी एकटाच आहे. मी विमानांकडे बघतो. आता आमच्या डोक्यावरून जाणारी विमानं इतक्या उंचावरून जातात, की दिसते ती फक्त पांढरी रेघ. म्हणून माझं हे आकाशाकडे बघणं बहुतेक खाली मान घालूनच चालतं. जुने फोटो, एक भिंग आणि चहाचा कप एवढी सामग्री घेतली, की फोटोतलं विमान कोणतं हे शोधण्यात माझी दुपार जाते. त्यातही मला लहान, जुनी, लष्करी विमानं आवडतात. एका इंजिनाची. ज्यांच्याकडे बघून ‘हे उडालं कसं?’ असा प्रश्न पडावा अशी.

या छंदाची थट्टा होते, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. “गॅसच्या सिलिंडरचा नंबर कधी लागला ते यांना आठवत नाही, पण विमानाच्या शेपटीवरचा नंबर पाठ!” असं घरातून म्हटलं जातं, तेही खरंच आहे. माझं भांडण आहे ते “विमान ते विमान! फरक काय पडतो?” या वाक्याशी. हे वाक्य मला शेजारच्या गुरुजींनी ऐकवलं आहे, किराणा दुकानदाराने ऐकवलं आहे, आणि ज्यांचा धंदाच बातमी आणि फोटो छापण्याचा आहे अशा एका सद्गृहस्थांनीही ऐकवलं आहे. पहिल्या दोघांना मी माफ केलं. तिसऱ्यांसाठी हा लेख.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. वस्तू ओळखण्याची विद्या आमच्या भागाला नवी नाही. माळेगावच्या जत्रेत आमचा शेतकरी हिंडताना बघा. अर्ध्या फर्लांगावरून तो सांगेल, हा लाल कंधारी, ती देवणी. देवणीतही पुन्हा वानेरा, बालंक्या आणि शेवरा! नुसत्या ठिपक्यांवरून आणि तोंडाच्या काळेपणावरून! त्याला जाऊन सांगा बरं, “बैल तो बैल, फरक काय पडतो?” तो तुम्हाला बैलाच्या शिंगांचाच फरक दाखवील. भाजी बाजारात आमच्या बायका ‘परभणी क्रांती’ भेंडी आणि साधी भेंडी टोक मोडून वेगळी काढतात. म्हणजे नजर आहे, विद्या आहे. फक्त ती विमानापाशी आली की डोळे मिटते.

वास्तविक विमान ओळखणं बैल ओळखण्याहून सोपं आहे. बैल हलतो, फोटो हलत नाही. पहिला प्रश्न पंखांचा. दोन मजली पंख, उघड्या दोन बैठका आणि कापडाचं अंग असेल, तर ते बहुतेक टायगर मॉथ. १९३१ साली इंग्लंडात पहिल्यांदा उडालेलं हे विमान. आपल्या कितीतरी वैमानिकांनी पहिले धडे त्याच्यावर गिरवले. पंख डोक्यावर छत्रीसारखा असेल आणि खाली काठीचा टेकू असेल, तर ऑस्टर, नाहीतर आपल्याच हिंदुस्थान एअरक्राफ्टचं कृषक. तोफखान्याचा मारा कुठे पडतो आहे हे वरून बघण्याचं काम ही विमानं करत. पंख खाली असेल, तर दुसरा प्रश्न नाकाचा. नाक गोल, घागरीच्या तोंडासारखं असेल, तर आत इंजिनाचे सिलिंडर चक्राकार बसवलेले आहेत. नाक लांबट असेल, तर ते एका ओळीत आहेत. तिसरा प्रश्न चाकांचा: उडाल्यावर पोटात जातात की बाहेरच लटकतात? गोल नाक, पोटात जाणारी चाकं आणि पाठीवर लांबच लांब काचेचं घर असेल, तर हार्वर्ड. लांबट नाक आणि कायम बाहेर राहणारी चाकं असतील, तर एचटी-२ असण्याचा संभव मोठा.

या एचटी-२पाशी मी दोन मिनिटं थांबतो. १९५१ साली बंगलोरला उडालेलं हे शिकाऊ विमान ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालं, ते डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूरकडचा हा मराठी माणूस जर्मनीत गटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आला आणि त्याने आपल्या देशाला आपलं विमान काढून दिलं. एखाद्या मराठी माणसाने एकांकिका लिहिली तर आपण त्याच्या नावाचा करंडक ठेवतो. याने विमान केलं, आणि आपण त्याच्या विमानाच्या फोटोखाली ‘एक विमान’ असं छापतो!

आता नंबर आणि खुणा. इथे मात्र बैलबाजारापेक्षा जास्त सावधपणा लागतो, कारण खुणा फसवतात. हवाई दलाच्या जुन्या नंबरांना पुढे अक्षरं असत. टायगर मॉथच्या नंबराआधी ‘एचयू’, टेम्पेस्टच्या आधी ‘एचए’, हार्वर्डच्या आधी ‘एचटी’. आणि ज्या विमानाचं नावच एचटी-२, त्याच्या नंबराआधी ‘आयएक्स’! म्हणजे शेपटीवर ‘एचटी’ वाचून ‘हे एचटी-२’ असं ज्याने ठरवलं, तो पडलाच. नुसत्या नंबरावरही भिस्त ठेवून चालत नाही. २७ ऑक्टोबर १९४७ला शीख रेजिमेंटच्या जवानांना घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा नंबर होता व्हीपी ९०५. २०१८ साली हवाई दलाला एक जुनं डकोटा दुरुस्त करून भेट मिळालं, तेव्हा त्याला तोच नंबर मानाने दिला गेला. आजोबांचं नाव नातवाला ठेवावं तसं. पण उद्या नातवाच्या फोटोखाली कुणी ‘श्रीनगरला उतरलेले तेच विमान’ असं छापलं, तर ते नातवाला आजोबांचं पेन्शन सुरू करण्यासारखं होईल.

सगळ्यात बोलकी खूण म्हणजे पंखावरचं वर्तुळ. दुसऱ्या महायुद्धापूर्वी आपल्या हवाई दलाच्या विमानांवर इंग्रजी धाटणीचं वर्तुळ असे, मध्ये तांबडा ठिपका. जपानी विमानांवरही तांबडा गोळा. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्याच माणसांनी आपल्याच विमानांवर गोळ्या झाडू नयेत, म्हणून त्या भागात तांबडा ठिपका काढून टाकला आणि निळ्यात फिकट निळा उरला. बघा, ‘फरक काय पडतो’ या प्रश्नाचं उत्तर तिथल्या वैमानिकाला विचारायला हवं होतं! स्वातंत्र्यानंतर थोडा काळ विमानांवर निळं अशोकचक्र आलं. १९५० साली, देश प्रजासत्ताक झाला तेव्हा, केशरी, पांढरा, हिरवा असं आजचं वर्तुळ आलं. म्हणजे फोटोच्या मागे तारीख नसली तरी विमान स्वतःच्या अंगावर तारीख लिहून हिंडत असतं. वाचणारा हवा.

अर्थात काळ्यापांढऱ्या फोटोत रंग ओळखायचा कसा, असं गुरुजी विचारतात. प्रश्न रास्त आहे. काही जुन्या फिल्मना तांबडा रंग दिसतच नसे. तांबडं आणि पिवळं त्यांच्यावर काळंभोर उमटे, आणि निळं पांढुरकं. त्यामुळे शिकाऊ विमानाचा पिवळा पंख फोटोत शोकसभेला निघाल्यासारखा दिसतो. कधी छापणारा काच उलटी लावतो आणि विमान डाव्याचं उजवं होतं. मग अक्षरं आरशातल्यासारखी दिसतात. यासाठीच मी नाक, पंख, चाकं, वर्तुळ, नंबर असे पाचही साक्षीदार तपासतो. पाचांपैकी चौघे एक बोलले, तर निकाल देतो. नाही बोलले, तर कपबशी धुऊन ठेवतो आणि गप्प बसतो. फोटोखाली ओळ लिहिणाऱ्यांना या गप्प बसण्याचीच ॲलर्जी आहे.

या सगळ्यातून फक्त एका विमानाला मी सूट दिली आहे. जत्रेतल्या स्टुडिओत पुठ्ठ्याचं विमान असायचं. त्यात नवरा पुढे, बायको मागे, मांडीवर पोरगं, आणि मागे पडद्यावर ताजमहाल. त्या विमानाला पंख एकच असायचा आणि चाकं बैलगाडीची. त्याची जात मी कधी शोधली नाही. त्यात बसलेली माणसं इतकी खऱ्याखुऱ्या आनंदात असतात, की तिथे भिंग बाजूला ठेवावं. पण हा आनंदाचा फोटो होता. इतिहासाचा म्हणून तो कुणी छापला नव्हता.

इतिहासाचा म्हणून छापलेल्या फोटोचीच ही गोष्ट आहे. आम्ही मराठवाड्याचे लोक पंधरा ऑगस्टनंतर तेरा महिन्यांनी स्वतंत्र झालो. १३ सप्टेंबर १९४८ला पोलीस अॅक्शन सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती दिली. त्या मोहिमेत हवाई दलाची टेम्पेस्ट विमानं होती. बिदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर त्यांनी बाँब टाकले. टेम्पेस्ट म्हणजे एका माणसाचं, एका इंजिनाचं, पंखा फिरवणारं विमान. आपल्याकडच्या टेम्पेस्टचं नाक गोल.

आमच्या आळीत एक म्हातारबा होते. आता नाहीत. १९४८ साली ते दहा-बारा वर्षांचे असतील. ते सांगायचे, “भादव्याचे दिवस व्हते. मी ढोरं घिऊन गेल्तो. ईमान आलं. नाक गोल, घागरीवानी. म्होरं पंखा गरगरायला. आमी समदे तुरीत दडलो.” मी त्यांना बरंच खोदून विचारलं होतं. पंख किती? एकच जोडी. पाय दिसले का? नाही, पोट साफ होतं. शाळेत न गेलेल्या माणसाची साक्ष, पण माझ्या पाच साक्षीदारांपैकी तिघे त्यात बसले होते. ते टेम्पेस्टच होतं असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. पण त्या मोहिमेतल्या विमानाशी जुळणारं ते वर्णन होतं, एवढं मी कुठेही सांगेन.

मग एका वर्षी मुक्तिदिनाच्या पुरवणीत मोठा फोटो आला. खाली ओळ: ‘हैदराबाद मुक्तीच्या मोहिमेतील भारतीय विमान.’ फोटोत होतं नॅट! पंख्याचा पत्ता नाही, नाक टोकदार, अंगावर तिरंगी वर्तुळ. नॅट आपल्याकडे १९५८ साली आलं. १९६५च्या लढाईत त्याने नाव काढलं ते निराळं. सप्टेंबर १९४८मध्ये आपल्या हवाई दलाकडे एकही जेट विमान नव्हतं. पहिली व्हँपायर आली ती त्याच वर्षी नोव्हेंबरात. आणि तिरंगी वर्तुळ १९५०चं. म्हणजे फोटो दोन-दोन तारखांनी ओरडून सांगत होता, की मी तो नव्हे.

चूक एवढीच असती तर मी हसून सोडली असती. पण म्हातारबांच्या नातवाने ती पुरवणी त्यांना दाखवली. “आबा, हे बगा तुमचं ईमान. याला कुटं पंखा हाय? नाक तर सुईवानी हाय.” म्हातारबांनी कागद डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. आणि म्हणाले, “आसंल बाबा. छापलंय मंजी खरंच आसंल. मी ल्हान व्हतो तवा.” त्यानंतर ते नाकाचं वर्णन करीनासे झाले. विमान आलं, आम्ही दडलो, एवढंच सांगायचे.

ज्यांना फरक काय पडतो हे कळत नाही, त्यांच्यासाठी सांगतो: हा पडतो. ज्याने डोळ्यांनी पाहिलं, त्याने कागदापुढे मान खाली घातली. निजामाच्या राज्यातून बाहेर पडलेल्या पिढीकडे ना कॅमेरा होता ना दप्तर. होती ती फक्त आठवण. ती आठवण आपण फोटोखालच्या एका बेफिकीर ओळीने पुसून टाकतो, आणि वर मुक्तिसंग्रामाला अभिवादनही करतो!

मी त्या सद्गृहस्थांना पत्र लिहिलं. सविस्तर, चार पानी. भेटीत ते म्हणाले, “अहो, वाचकांना काय कळतंय? विमान ते विमान. खरं बघायचं असेल तर पालमला संग्रहालय आहे, तिथे जाऊन या.” संग्रहालय आहे, हे खरं. दिल्लीच्या पालमला हवाई दलाचं उत्तम संग्रहालय आहे. तिथे टेम्पेस्ट आहे, हार्वर्ड आहे, एचटी-२ आहे. हे आमच्या पारावर सांगितलं, तर एक जण म्हणाला, “मंग जाऊ की! पालमची यष्टी दुपारला हाय.” आमच्या परभणी जिल्ह्यातलं पालम तालुक्याचं गाव आहे, तिथे विमानं कधी आली, असा त्याला प्रश्नही पडला नाही. हसू नका. दिल्लीचं पालम आणि आमचं पालम यांत फरक काय पडतो? गाव ते गाव!

माझी मागणी फार नाही. मुक्तिदिनाला फोटो छापायचा असेल, तर आधी नाक बघा, पंख बघा, वर्तुळ बघा. कळलं नाही तर ‘संग्रहित छायाचित्र’ ही जादूची ओळ टाकू नका. ती ओळ म्हणजे दूध नासलं की त्यालाच पनीर म्हणण्यासारखं आहे. फोटोच नसेल तर जागा मोकळी सोडा, आणि तिथे त्या काळी जिवंत असलेल्या एखाद्या माणसाचं सांगणं छापा, त्याच्याच बोलीत. अशी माणसं आता मोजकी राहिली आहेत. आणि तुमच्या घरातल्या ट्रंकेत विमानापुढे उभ्या असलेल्या कुणा काकांचा, मामांचा फोटो असेल, तर आजच तो उलटा करून मागे शिसपेन्सिलीने लिहा: कोण, कुठे, कोणत्या साली. विमान कोणतं ते नाही लिहिलंत तरी चालेल. ते मी बघतो.