ताई-ची गुडघ्यांसाठी, गुद्द्यांसाठी नव्हे

परवा एक कॉलेजकुमार डोके धरून दवाखान्यात आला. कुंग-फूचे डाव शिकलेला हा पठ्ठ्या पैजेवर बॉक्सिंगवाल्या मित्राशी भिडला होता. एकही डाव कामी आला नाही.

यात नवल नाही. २०१७ साली चीनमधील चेंगडू येथे ताई-चीचे गुरू वेई लेई यांना शू श्याओदोंग या आधुनिक लढवय्याने अर्ध्या मिनिटाच्या आत लोळवले. माझ्या मते दोष कलेचा नव्हे, सरावाचा. बॉक्सर सरावातच खरे ठोसे खातो, चुकवतो. नुसत्या कवायतीने ती सवय अंगी बाणत नाही.

मात्र त्या सवयीची किंमत मेंदूला मोजावी लागते. बॉक्सरांच्या मेंदूची ही हानी डॉ. मार्टलँड यांनी १९२८ मध्येच मांडली होती. उलट, संथ ताई-चीने तोल सुधारतो आणि वृद्धांचे पडणे कमी होते, हे अभ्यासांतून दिसले आहे.

तेव्हा तरुणांनो, डाव जरूर शिका. पण पैजेपायी डोके पणाला लावू नका. डोक्याला मार बसल्यावर उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी जाणवली, तर घरी न झोपता तडक रुग्णालय गाठा. आणि ताई-ची? ती आधी आजोबांना शिकवा!